तोमारला रूळ संपतात

लिस्बन, २१ फेब्रुवारी १९६७

ती. ताईस,
धाकट्या इदालिनाचा सा. न. वि. वि.

हे पत्र टपालाने पाठवत नाहीये. नोर्बेर्तोभाऊ उद्या गार्ड म्हणून तुमच्या बेइराच्या लाइनवर चाललेत, ते कंदिलाच्या डब्यात लपवून आणतील आणि तुझ्या रेल्वे-फाटकाशी टाकतील. म्हणून आज मोकळेपणाने लिहिते. तू मात्र वाचलंस की चुलीत घाल.

तुझा अबिलियो लष्कराच्या तपासणीत पास झाला. डॉक्टरने छाती ठोकून पाहिली, पाठ थोपटली आणि बैलासारखा आहेस म्हणाला. बोलावण्याचा कागद अजून आलेला नाही, पण त्याच्या बाइंडिंगच्या कारखान्यातल्या दोघांना मे महिन्याचं बोलावणं आलंय. घरी आला, हातपाय धुतले, कोबीचं सूप प्यायला आणि मग वाडग्याकडे बघतच म्हणाला की मावशी, मी जाणार नाही. आवाज चढवला नाही की काही नाही. भाऊ फिर्मिनो आफ्रिकेच्या लढाईला गेला होता, त्याच्या बदल्यात आईला एक तार मिळाली, माझी तार तिला मिळणार नाही, एवढंच म्हणाला. हजारो पोरं डोंगरातून चालत स्पेनमध्ये उतरतात आणि तिथून फ्रान्स गाठतात, तसंच तोही करणार म्हणे. हे ऐकताना मी उठून दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबला.

ताई, विचार कर. सीमेवर सापडला तर आधी तुरुंग, आणि तिथून बाहेर काढून गिनीच्या ज्या जंगलातून कोणी परत येत नाही तिथे. आणि सीमा राहिली दूर, आधी आमच्या जिन्यावरून खाली उतरायला हवं. जिन्याखालच्या खोलीत दोना एर्मिनिया राहते. तू तिला पाहिलेलं नाहीस. इमारतीची राखण तिच्याकडे, किल्ल्या तिच्याकडे, केर तिच्याकडे, आणि कोण किती वाजता कशाची पिशवी घेऊन गेलं हेही तिच्याकडे. सगळी इमारत म्हणते की ती गुप्त पोलिसांना बातम्या पुरवते. तिसऱ्या मजल्यावरच्या मास्तरांना गेल्या वर्षी उचललं, त्याच्या आदल्या संध्याकाळी ती दोन हॅटवाल्यांशी दारात बोलत होती. हे मी स्वतः पाहिलंय. पोरगा बॅग घेऊन निघाला तर ट्रॅम यायच्या आत तिला कळेल.

अकरा वर्षं तू त्या फाटकावरून हलली नाहीस, तरी पोर्तुगालमधली प्रत्येक गाडी तुला पाठ. आता त्या विद्येचा काही उपयोग कर. तू आई आहेस, तू म्हणशील तसं मी करेन. नको म्हणालीस तर त्याला कोंडून ठेवेन.

कळावे. आहे तो लोभ तसाच असू दे, आत्ता त्याची फार गरज आहे.
तुझी इदालिना


फाटकावरून, १ मार्च १९६७

चि. इदालिनास,
ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. दोन गाड्यांच्या मध्ये पाऊण तास मिळतो, त्यात जनावरांचं बघून एवढंच होतं. चुलीत घातलं नाही. घालीन.

कोंडू नकोस. एक मी दिला. नीट हसून दिला, स्टेशनावर गाणी म्हणत गेला तो. त्याची माती तिकडेच राहिली, मला कबरसुद्धा नाही मेणबत्ती लावायला. दुसरा मी देणार नाही. अबिलियोला सांग, आईने हे शुद्धीत राहून, स्वतःच्या हाताने लिहिलंय. उद्या काही बरंवाईट झालं तर त्याने एकट्याने मनाला लावून घ्यायचं नाही.

आता नीट वाच. रोज अकरा वीसची गाडी माझ्या दारावरून जाते. आज गेली का असं कुणी विचारलं तर मला थांबून आठवावं लागतं. रोज जे होतं ते माणसाला दिसत नाही. तुम्ही दोघं तशी गाडी व्हा. दर रविवारी सकाळी टोपली घेऊन निघायचं, कुठलं तरी गाव बघायचं आणि रात्रीच्या सूपाला घरी. बॅग नाही, गाठोडं नाही. पहिल्या खेपेला जवळचं गाव घे, मग हळूहळू लांबची. जाताना त्या बाईला सांगूनच जायचं की आज अमक्या गावी चाललो. आणि येताना त्या गावची मिठाई आणून तिच्या हातात ठेवायची, आपल्यात कोणीही चांगल्या घरचा माणूस ठेवेल तशी. चार-सहा रविवार गेले की ती तुमच्याकडे बघणं सोडेल. मग एका रविवारी दोघं जाल आणि तू एकटी येशील. पुढचा माणूस नोर्बेर्तोने बघितला आहे. त्याचं नाव मला माहीत नाही, तूही विचारू नकोस.

तुला गाडीत मळमळतं हे मी विसरले नाही. लग्न होऊन निघालीस तेव्हा नवऱ्याच्या बुटांवर ओकली होतीस. लिंबू चोखत बस आणि खिडकीतून लांब बघ.

लोभ आहेच, तो लिहून दाखवायला वेळ नाही. दोन दहाची येतेय.
उंबेलिना


लिस्बन, १३ मार्च १९६७

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दोन रविवार झाले. पाच तारखेला सिंत्रा, काल सेतूबाल. रोसियो स्टेशनावर मी तिकीट दोनदा हरवलं, वाटलं, सिंत्रालाच जायचंय तर ही अवस्था, पुढे कसं व्हायचं.

सिंत्राला जाताना समोर करड्या कोटातला एक गृहस्थ बसला होता. वर्तमानपत्र वाचत होता, पण पान उलटत नव्हता. येताना पुन्हा तोच, त्याच डब्यात. अबिलियो शांतपणे संत्रं सोलत बसला आणि अर्धं त्या गृहस्थालाच दिलं. तेव्हा कळलं की बिचाऱ्याचा चष्मा फुटला होता, त्याला अक्षर दिसत नव्हतं, आणि सिंत्राला त्याची बहीण असते. पोरगा स्टेशनाबाहेर येईपर्यंत हसला नाही, मग मात्र भिंतीला टेकून हसला. मला हसू आलं नाही, मला रडू आलं.

एर्मिनियाला सिंत्राच्या केइजादा, त्या चीजच्या गोड वड्या, दिल्या. तिने पुडक्याची दोरी न कापता गाठ सोडवली, दोरी गुंडाळून खिशात टाकली आणि विचारलं, सिंत्राला धुकं होतं ना. मी म्हटलं हो, खूप. अबिलियो लगेच म्हणाला की सकाळी होतं, मग छान ऊन पडलं. जिना चढून आल्यावर त्याने मला सांगितलं की दिवसभर लख्ख ऊन होतं, मावशी, तू घाबरून वर जरासुद्धा बघितलं नाहीस. आता सांग, तिने ते मुद्दाम विचारलं असेल का? तिला त्या दिवशीची हवा माहीत असेल का? या एका प्रश्नावर मी तीन रात्री तळमळले.

सेतूबालला आधी बोटीने नदी ओलांडायची आणि पलीकडे गाडी. बोटीत मी ओकले. तुझ्या लिंबाचा काही उपयोग नाही.

माझ्यावर रागावू नकोस आणि आशीर्वाद कमी पडू देऊ नकोस.
तुझी इदालिना


फाटकावरून, १९ मार्च १९६७

चि. इदालिनास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

धुक्याचा विचार सोड. माणूस मिठाई खाताना हवेचं विचारतोच. तू चेहरा असा करतेस की काही नसताना समोरच्याला वाटावं काहीतरी आहे. लहानपणी बरणीतला मध तू खायचीस आणि मार मला बसायचा, तेव्हा बरा साळसूद चेहरा जमायचा. तोच आण.

मी तुला धीर देते खरी, पण माझंही सांगते. गेल्या मंगळवारी शिपायांनी स्पेनकडे निघालेल्या सात जणांना पकडून माझ्या फाटकावरून नेलं. वरच्या खिंडीत अजून बर्फ आहे, त्यात वाट चुकले. मनगटं एका दोरीत बांधलेली. गाडी यायची होती म्हणून मी फाटक लावलेलं, त्यामुळे ते सगळे माझ्या दारात दहा मिनिटं उभे. शेवटचा अबिलियोच्याच वयाचा होता, पायात एकच बूट. त्याने पाणी मागितलं. शिपायाकडे न बघता मी तांब्या त्याच्या तोंडाला लावला, त्याला हात नव्हते ना मोकळे. गाडी गेली, मी फाटक उघडलं आणि ते गेले. तेव्हापासून तो तांब्या मी वापरलेला नाही. तुझं पत्र येईपर्यंत मला सारखं वाटत होतं, नको, घरातच राहू दे त्याला. मग फिर्मिनोची तार काढून वाचली आणि तो विचार सोडला.

तुम्ही जात राहा. ईस्टरचा रविवार सोडा, त्या दिवशी चर्चला दिसलं पाहिजे.

लोभ असतो तिथेच आहे.
उंबेलिना


लिस्बन, ११ एप्रिल १९६७

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कागद आला. आठ मे, सकाळी आठ वाजता हजर. अबिलियोने तो घडी करून साखरेच्या डब्याखाली ठेवलाय आणि मी त्या दिवसापासून कॉफी बिनसाखरेची पिते, त्या डब्याला हात लावायला नको म्हणून.

दुसरं वाईट असं की त्याच्या कारखान्यातला एकजण गेल्या आठवड्यात कामावर आलाच नाही. कळतंय ते असं की पॅरिसला पोचला. त्याच्याबद्दल चौकशीला दोन माणसं आली आणि जाताना मुकादमाला विचारून गेली की त्याच वयाचे आणखी कोण आहेत, राहतात कुठे. मुकादमाने यादी दिली. देणार नाही तर काय करेल, त्याला बायकापोरं आहेत.

परवा सांतारेंला जाऊन आलो. मला आता गाड्यांची सवय झाली, मळमळत नाही, ते भीतीने आपोआप बरं झालं. पण एर्मिनियाचं काही कळेनासं झालंय. शुक्रवारी दूध आणायला खाली उतरले तर स्वतःहून विचारते, या रविवारी कुठं. तिला मिठाईची चटक लागली की ती नोंद ठेवते? तू म्हणाली होतीस ती बघणं सोडेल. ती तर वाटच बघते. तिच्या खिशात आता चार गावच्या दोऱ्या आहेत.

अबिलियो शांत आहे. आठवडाभर रात्री बसून त्याने माझ्या गिऱ्हाइकांच्या शर्टांना बटणं लावून दिली, म्हणतो मावशी तुझे डोळे जपून ठेव. मला त्या शांतपणाचीच धास्ती वाटते. काल फक्त एक विचारलं, की आईचं फाटक गाडीच्या कोणत्या बाजूला येतं. दीड वर्षात त्याने तुला पाहिलेलं नाही, फिर्मिनोच्या प्रार्थनेला आला होता तेच शेवटचं. फातिमाच्या माउलीला मी त्याच्या उंचीएवढी मेणबत्ती बोलले आहे.

लवकर लिही. तुझ्या दोन ओळी आल्या की मला जेवण जातं.
तुझी इदालिना


फाटकावरून, १६ एप्रिल १९६७

चि. इदालिनास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र दोघांनी मिळून वाचा आणि या वेळी खरंच जाळा.

दिवस रविवार, तेवीस तारीख. सकाळी सांता अपोलोनियावरून निघायचं आणि कोइंब्राला उतरायचं. परतीची तिकिटं दोन घ्यायची. दुपारपर्यंत नदीकाठी बसा, जेवा. तिथून तो पुढच्या जंक्शनला एकटा जाईल आणि आमच्या लाइनची गाडी पकडेल. तिच्यावर नोर्बेर्तोच गार्ड आहे. तू चारच्या गाडीने परत. त्याने अंगात दोन शर्ट घालावे, एकावर एक. बाकी हात मोकळे.

त्या बाईला कोइंब्रा म्हणायचं नाही. कोइंब्राच्या पुढून सीमेकडे गाडी जाते हे शेंबडं पोरही सांगेल. तिला तोमार सांग. लाइन अर्ध्यापर्यंत तीच, निघायची वेळही जवळपास तीच, आणि तोमारला रूळ संपतात. तिथून पुढे कोणी कुठे जात नाही. परतलीस की त्याला ताप आलाय म्हण आणि दार लावून घे. तीन दिवस मिळाले तरी पुरेत.

फाटक डाव्या हाताला येतं. ग्वार्दा सोडल्यावर बोगदा, मग दगडी पूल, मग मी. वेळ पाच चाळीस. त्याने खिडकीशी बसावं, पण उठायचं नाही, हात करायचा नाही. त्या गाडीत शिपाई असतात आणि इथे मला सगळे ओळखतात. मीही हात करणार नाही. करूच शकत नाही. फाटकवालीने लाल बावटा गुंडाळून सरळ धरायचा आणि पुतळ्यासारखं उभं राहायचं, म्हणजे ड्रायव्हरला कळतं की रस्ता मोकळा आहे. मी नुसता हात जरी हलवला तरी तो गाडी थांबवतो. तसा नियमच आहे, अकरा वर्षांत माझ्या फाटकावर एकदाही गाडी थांबलेली नाही. तेव्हा मी हलले नाही तर त्याने वाईट वाटून घेऊ नये. एवढं मात्र त्याला नीट समजावून सांग.

मला भीती वाटते, इदालिना. बाकी काही लिहिता येत नाही.

लोभ आता सगळा त्याच्या वाट्याला जाऊ दे, तुझा नंतर बघू.
उंबेलिना


लिस्बन, २४ एप्रिल १९६७

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

नोर्बेर्तोभाऊंचा मित्र दुपारच्या गाडीवर आहे म्हणून घाईने लिहिते. तुझ्याकडे काय झालं ते मला काही कळलेलं नाही. माझ्याकडे जे झालं ते वाचून तू मला शिव्या घालशील. घाल, मी ऐकेन.

काल सगळं तू सांगितलंस तसं झालं. कोइंब्राला नदीकाठी बसलो. मी कॉडच्या वड्या आणि त्याच्या आवडीचा भात केला होता. त्याने दोघांचा खाल्ला, कारण माझ्या घशाखाली काही उतरेना. स्टेशनावर त्याने मला मिठी मारली नाही, कुणी बघू नये म्हणून. टोपली माझ्या हातात दिली, सांभाळून जा मावशी म्हणाला आणि लोक डब्यात चढतात तसा चढला. गाडी गेल्यावर मी बाकावर बसून राहिले. बारा वर्षांचा असल्यासारखा दिसत होता गं, अंगात दोन शर्ट घालून फुगलेला.

मग माझी गाडी आली. फलाटावर टोपल्या घेतलेल्या बायका हाका देत होत्या, आणि मी पर्स उघडून अर्धा डझन घेतलं, गाडीत बसले, रडत लिस्बनला आले. तपासनीसाने दुसऱ्या तिकिटाचा माणूस कुठंय विचारलं तर संडासाकडे बोट दाखवलं. इमारतीत शिरले, एर्मिनिया दारातच उभी. मी तिच्या हातात पुडा ठेवला आणि सांगितलं की अबिलियोला ताप भरलाय, तो पुढे येऊन मागच्या दाराने वर गेला. तिने पुडा उघडला. ताई, त्यात आरुफादा होत्या. म्हणजे कोइंब्राचे गोड पाव. तोमारची मिठाई म्हणजे पाकात बुडवलेल्या अंड्याच्या चकत्या, बरणीतून आणाव्या लागतात, हातात घेतल्या तर पाक गळतो. आणि मी पाव आणले. पोर्तुगालमध्ये असा आंधळा नसेल जो या दोन्हींत चुकेल.

मी हे का केलं मला सांगता येत नाही. गावाला गेलं की त्या गावचं काहीतरी घेऊन यायचं, एवढंच हातांना माहीत होतं. डोकं जागेवर नव्हतंच.

तिने पावांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि तोमार कसं होतं असं विचारलं. मी म्हटलं, छान. तिने दार लावून घेतलं. तेव्हापासून मी खिडकीशी बसून आहे. हॅटवाला दिसला की जीव जातो. त्याला अजून सीमा ओलांडायची असेल आणि माझ्या सहा पावांपायी ते तिथे तार करतील. फिर्मिनोला त्यांनी नेलं, याला मी घालवला असं होईल. मला क्षमा मागायचंही तोंड नाही.

इदालिना


लिस्बन, २७ एप्रिल १९६७

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल ते आले. दोघं. मुकादमाच्या यादीवरून एकेक घर करत निघाले होते असं नंतर कळलं. मी जिन्याच्या पहिल्या वळणावर कपडे वाळत घालायच्या निमित्ताने उभी होते. त्यांनी एर्मिनियाला अबिलियोचं विचारलं. मी ओला शर्ट तसाच हातात धरून कान दिला.

एर्मिनिया म्हणाली, पोरगा वर आहे, रविवारपासून तापाने फणफणलाय, सांसर्गिक असेल, चढायचं तर नाकाला रुमाल लावा. त्यांनी विचारलं, रविवारी कुठे होता. ती म्हणाली, मावशीबरोबर तोमारला. यांचं दर रविवारी असंच असतं, म्हातारी आणि पोरगा, दुसरा उद्योग नाही. मी म्हातारी, ताई. मग तिने एप्रन पुढे केला आणि म्हणाली, हे बघा, तोमारच्या चकत्या आणल्या माझ्यासाठी, पाक गळून एप्रनचं वाटोळं झालं, तीन पाण्यांतून काढला तरी डाग जात नाही. एप्रनवर खरंच डाग होता. ते दोघं डागाकडे बघत राहिले. मग पुढच्या घराचा पत्ता विचारून गेले.

मी वर पळाले. पाचच मिनिटांत तिने दार वाजवलं. हातात कोंबडीच्या सूपाचं पातेलं. मी दारात आडवी उभी राहिले, तर मला कोपराने सरकवून ती आत आली. पलंग रिकामा, चादर ताणलेली. तिने तो पाहिला. पातेलं टेबलावर ठेवलं आणि म्हणाली की सूप आजाऱ्यासाठी केलंय, पण तोंड बघता तूच पी, गार झालं की त्यावर तवंग धरतो. पातेलं घासून परत दे म्हणाली. पातेलं घ्यायला येईन शनिवारी, तोवर त्याचा ताप उतरला नाही असंच मी सांगत राहीन, शनिवारनंतर मात्र मला काही विचारू नकोस, असं म्हणून गेली.

मास्तरांच्या वेळी ती हॅटवाल्यांशी काय बोलत होती ते मी तिला विचारलं नाही. मला आता त्याचं उत्तर नको. खरं सांगू का, तिची भीती अजूनही वाटते, फक्त वेगळी वाटते. सूप मी प्यायले, चार दिवसांत पहिल्यांदा काही पोटात गेलं.

तुझ्याकडून आठवडा झाला अक्षर नाही. तो गेला का पलीकडे? एका शब्दात लिही, पण लिही.

तुझ्या लोभावरच दिवस काढतेय.
इदालिना


फाटकावरून, ३० एप्रिल १९६७

चि. इदालिनास,
तुझ्या ताईचे अनेक, अनेक आशीर्वाद. वि. वि.

आधी महत्त्वाचं. अबिलियो पलीकडे पोचला. काल नोर्बेर्तोच्या माणसाचा निरोप आला, स्पेन मागे पडला, फ्रान्समध्ये आहे, पायाला फोड आलेत, बाकी सुखरूप. हे वाचून थोडा वेळ बस आणि मग पुढचं वाच.

तुझं पावांचं पत्र आलं तेव्हा तुला लिहायला मी पेन उचललं होतं. तुला काय काय बोलणार होते ते तुला ठाऊकच आहे. पण एक शब्द उमटेना. मला तोंड कुठे होतं? माझं ऐक आता.

रविवारी पाच वाजल्यापासून मी बावटा घेऊन उभी होते. स्वतःला बजावत होते, पुतळा, उंबेलिना, पुतळा. पुलावर गाडीचा आवाज आला. इंजिन गेलं, पहिला डबा गेला, दुसरा गेला, आणि तिसऱ्याच्या खिडकीत तो होता. काच खाली केलेली. थेट माझ्याकडे बघत होता. दाढी ठेवलीय त्याने, तू लिहिलं नव्हतंस. आणि माझा हात वर गेला. मी उचलला नाही, इदालिना, देवाशपथ. गेला. बावट्यासकट गेला, सुटला आणि हलला.

शेवटच्या डब्यातून नोर्बेर्तोने तो पाहिला असेल नसेल, पण वळणावर मान वळवून बघायची ड्रायव्हरला सवय, त्याने पाहिला. ब्रेक लागले. ती अख्खी गाडी किंचाळत माझ्या दारात थांबली. अकरा वर्षांत पहिल्यांदा. प्रत्येक खिडकीतून डोकं बाहेर, दोन डोकी शिपायांची. एक खाली उतरला. वाटलं, संपलं, मीच धरून दिला त्याला, आपल्या हाताने.

ड्रायव्हर ओरडून विचारत होता काय झालं. नोर्बेर्तो मागून धावत आला आणि मी काही बोलायच्या आत ओरडला की गाय, गाय होती रुळावर, गेली आता. मी मान हलवली. शिपाई मळ्यात बघायला लागला, गाय कुठंय. मी बोगद्याकडे बोट दाखवलं. तो शिव्या देत चार पावलं गेला आणि परत आला. कंपनीकडून मला दंड होईल, जबाब लिहून द्यावा लागेल. देईन. गाईचा रंग काय लिहायचा तेही नोर्बेर्तोने सांगितलंय.

हे सगळं होईपर्यंत दोन मिनिटं गेली. गाडी पुढे सरकून थांबली होती, पण मी तिच्याबरोबर चार पावलं धावले असेन, कारण त्याची खिडकी माझ्यापासून दोन हातांवर होती. हात लांबवला असता तर त्याच्या बाहीला लागला असता. तो तसाच बसून होता. चेहऱ्यावर काही नाही. मी बघत होते आणि तो माझ्याकडे असा बघत होता, जसं स्टेशनावरच्या कोणा वेड्या बाईकडे बघतात. डोळ्याची पापणीसुद्धा हलवली नाही त्याने. गाडी निघाली तेव्हाही वळून बघितलं नाही. त्या रात्री मी जेवले नाही. मनात एकच, की त्याला राग आला, माझ्या वेडेपणापायी तो मरणार होता हे त्याला कळलं आणि त्याने तोंड फिरवलं.

काल नोर्बेर्तोने निरोप दिला, कॉफी घेतली आणि तरी उठेना. मग खाली मान घालून सांगितलं, एक गोष्ट आहे, सांगू की नको ठरत नव्हतं. परत गाडीत चढून तो स्वतः त्या डब्यातून जात होता तेव्हा अबिलियोच्या समोर बसलेल्या म्हातारीने त्याला विचारलं होतं, ही कोण बया, तुमच्याकडेच बघत होती, तुमच्या ओळखीची का. शिपाई दारातच उभा होता. आणि अबिलियो म्हणाला, नाही, मी या बाईला आयुष्यात कधी पाहिलेलं नाही. आवाज जरासुद्धा हलला नाही म्हणे. नोर्बेर्तोला वाटलं हे ऐकून मला वाईट वाटेल.

मी त्याला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं.

तुझ्या दोना एर्मिनियाला माझा नमस्कार सांग, आणि तुझ्यावर माझा लोभ किती आहे ते आज पहिल्यांदा लिहून दाखवते : फार आहे.
उंबेलिना